बिनभोकाचा खोका

सोमवार, ६ जानेवारी

पोचलो एकदाचे. कपाट जिन्याच्या वळणावर असं काही अडकलं की हमालांनी हात टेकले. शेवटी अण्णा खालून सूचना द्यायला लागले. डावा कोपरा उचला, मागचा माणूस एक पायरी खाली या, आता फिरवा. कपाट लोण्यासारखं सरकलं. माझ्या ज्या वडिलांना अकरा वर्षांत काडीचंही दिसलेलं नाही त्यांच्या सांगण्यावरून ते सुटलं हे कळल्यावर हमालांची तोंडं बघण्यासारखी झाली. अण्णा म्हणाले, चाळीस वर्षं मनगटी घड्याळांच्या पोटात चिमटा घातलाय, त्या मानाने हे फारच मोठं घड्याळ.

घर आवडलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दिवसभर ऊन असणारी गॅलरी. खाली घरमालकीण काकूंची लॉन्ड्री आहे, त्यामुळे जिन्यात सतत गरम कपड्यांचा वास येतो. काकू बोलायला लागल्या की थांबत नाहीत, पण इस्त्रीही थांबत नाही. संध्याकाळपर्यंत अण्णांनी पावलं मोजून घर पाठ केलं. खुर्चीपासून मोरीपर्यंत नऊ, गॅलरीपर्यंत सहा.

शाळा चालत दहा मिनिटांवर. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. म्हणजे मी आपोआप छोट्या बाई झाले, चाळिशीला टेकलेली असूनही. आठवीचं विज्ञान माझ्याकडे. महिनाअखेरीला प्रदर्शन आहे, आणि यंदा तरी पुस्तकातलं चित्र मोठं करून भिंतीला चिकटवू नका असं त्यांनी बजावलं. आपल्याला अशी माणसं आवडतात.

बुधवार, ८ जानेवारी

विषय ठरला. झाड उजेडाकडे वाढतं. वर्गाने एका सुरात "हे माहितीये बाई" केलं. मी म्हटलं, तुम्हाला माहिती नाही, तुम्ही वाचलंय. रोपाच्या तोंडून वदवून घेऊ.

चपलांच्या दुकानातून तीस खोके आणले. आतून काळा रंग. प्रत्येकात बाटलीच्या झाकणात ओला कापूस आणि त्यावर मोहरी. दहा खोक्यांना डावीकडे एक भोक, दहांना उजवीकडे. उरलेले दहा बिनभोकाचे, तुलनेसाठी. मुलांना हे शेवटचे दहा फुकट घालवल्यासारखे वाटले. मी समजावलं की खरा प्रयोग त्यांच्यातच आहे. उजेड काढून घेतल्यावर काय होतं हे पाहिल्याशिवाय उजेडाने काय केलं हे सांगता येत नाही.

वर्गात एक मुलगी आहे, सगळ्यात बुटकी, पहिल्या बाकावर बसते आणि कायम हातात पट्टी घेऊन फिरते. वर्गाने तिचं नाव मोजपट्टी ठेवलंय आणि तिला ते चालतं. तिने विचारलं, बिनभोकाच्या खोक्यातली रोपं कुठे वळतील? कुठेच नाही, मी म्हटलं. सरळ वर जातील. पिवळी पडतील, किडकिडीत आणि लांबच लांब होतील, उजेड शोधत. तिने वहीत "अंदाज" असा रकाना आखून ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

सोमवार, १३ जानेवारी

खोके उघडले. डाव्या भोकाची रोपं डावीकडे, उजव्याची उजवीकडे, शहाण्या मुलांसारखी. बिनभोकाच्या दहांनी मात्र माझी फजिती केली. सगळी वाकलेली. आणि सगळी एकाच बाजूला, फळ्याच्या उजव्या कोपऱ्याकडे.

साहजिकच मी ओरडले. कुणीतरी झाकणं नीट लावली नाहीत, कुठेतरी फट राहिली. मोजपट्टी सोडून सगळ्यांनी माना खाली घातल्या. ती म्हणाली, फळ्याच्या बाजूला खिडकीच नाहीये बाई. खरं होतं. तरी नवी मोहरी पेरली, कडांना काळी टेप लावली आणि दहाही खोके दहा दिशांना तोंडं करून ठेवले.

घरी अण्णांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. नव्या बाईंची परीक्षा रोपंच घेतायत, म्हणाले.

बुधवार, १५ जानेवारी

पुन्हा तेच. खोका कसाही फिरवलेला असो, आतलं रोप फळ्याच्या त्याच कोपऱ्याकडे. भोकवाल्यांना खरा उजेड मिळतो म्हणून ती फसत नसावीत. ज्यांना काहीच दिसत नाही त्यांनाच ते काहीतरी दिसतंय.

मग मोजपट्टी उठली. तिने सांगितलं की एका खोलीतून फक्त दिशा कळते, जागा कळत नाही. प्रत्येकाने एकेक बिनभोकाचा खोका घरी नेला, रोपं कुठे वळली त्याची खूण केली आणि त्या रेघा गावाच्या नकाशावर ओढल्या, तर त्या जिथे एकमेकींना छेदतील तिथे ते असेल.

तेरा वर्षांची मुलगी! मला भरून आलं. असा दिवस शिक्षकाला वर्षातून एखादाच मिळतो. सगळ्या खोक्यांची भोकं बुजवली. एकोणतीस मुलांना एकोणतीस आणि तिसावा माझ्या घरी, गॅलरीजवळच्या टेबलावर.

सोमवार, २० जानेवारी

फळ्याशेजारी गावाचा नकाशा लावला. घराघरावर टाचणी, टाचणीला दोरा, दोरा रोपाच्या दिशेने. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि टाचण्या खरंच पडत होत्या. एकोणतीस दोरे एकाच ठिकाणी येऊन मिळाले. पोस्टामागचा मोकळा प्लॉट.

मधल्या सुट्टीत चौघींना घेऊन जाऊन आले. काही नाही. गवत, एक मोडकी हातगाडी, लख्ख ऊन. मोजपट्टीने पट्टी लावून पाहिली, कशाला ते तिलाच ठाऊक. मला वाटतं जमिनीतून एखादा वायू येत असेल. मोठ्या बाईंना कळवायला हवं.

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, तो प्लॉट इथून कुठल्या बाजूला आला? मी त्यांचा हात धरून त्या दिशेला केला. त्यांनी हात तसाच ताणून धरला. मग म्हणाले, शनिवारपासून त्या बाजूला उजेड दिसतोय.

मी विचारलं, दिसतोय म्हणजे?

"दिसतोय म्हणजे दिसतोय, पोरी. अकरा वर्षांनी हा शब्द मी उगाच वापरेन का?"

गुरुवार, २३ जानेवारी

ते हलतंय.

मुलं रोज सकाळी झाकण क्षणभर उघडतात, खूण करतात, लगेच बंद करतात. कोवळी रोपं काही तासांत दिशा बदलतात. सोमवारी प्लॉट. मंगळवारी पोस्टाची मागची भिंत. काल आणि आज दोरे मोजपट्टीच्या घरावर मिळतायत. पोरगी हवेत आहे. तिच्या वहीत लिहिलंय, काल रोपं स्वयंपाकघराकडे, आज माझ्या पलंगाकडे. शेवटी उद्गारचिन्ह.

डॉक्टरांना अण्णांच्या डोळ्यांबद्दल विचारलं. त्यांनी तपासलं आणि मलाच समजुतीच्या स्वरात सांगितलं की डोळ्यांत काहीही फरक नाही, मेंदू कधीकधी जुन्या आठवणी उजळवतो. अण्णांनी ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, आठवण एकाच जागी बसत नाही का गं? ही चालतेय.

सोमवार, २७ जानेवारी

मोजपट्टी शुक्रवारपासून आली नाही. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले.

आईने दार उघडलं. काळजीत होती, पण फार नाही. वाढीचं वय आहे म्हणाली, उंची घेतेय. खात नाही, फक्त पाणी पिते. डॉक्टरांनी टॉनिक दिलंय.

ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. आधी वाटलं, ही तिची मोठी बहीण. गणवेशाच्या बाह्या मनगटापासून चार बोटं वर गेलेल्या. मान लांब. सोललेल्या काकडीसारखा फिकट पिवळा रंग. मी हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. खूप आनंदात असल्यासारखी म्हणाली, "बाई, तुम्हाला दिसत नाही का? अजूनही?"

मी तिच्या पायाशी बसून राहिले. थोड्या वेळाने तिचा चेहरा फिरायला लागला. सावकाश, मिनिटकाट्यासारखा. भिंतीवरून कपाटावर, कपाटावरून खिडकीवर. आई म्हणाली, बघा, आता जरा बाहेर बघतेय, बरं वाटतंय तिला.

मी धावत शाळेत आले. संध्याकाळी घरी जाऊन खोका बघा आणि खूण परत आणून द्या असं सांगितलेल्या चौघांनी खुणा आणून दिल्या होत्या. दोरे तिच्या घरावरून उठलेत. ते खिडकीच्या बाजूला निघालंय, बेकरीकडे. बेकरीवाल्याचा मुलगा माझ्याच वर्गात आहे.

मोजपट्टीची वही माझ्या पिशवीत आहे. तिच्या आईने दिली. अंदाजाच्या रकान्यात माझं वाक्य आहे. पिवळी पडतील, किडकिडीत आणि लांबच लांब होतील. वही मिटून ठेवलीये.

बुधवार, २९ जानेवारी

बेकरीवाल्याचा मुलगा आज आला नाही. शेजारच्या मुलाने सांगितलं, तो भट्टीच्या भिंतीकडे तोंड करून बसलाय आणि उठत नाही.

नकाशासमोर तासभर उभी होते. मोजपट्टीचं घर आणि बेकरी यांच्यामध्ये अकरा घरं आहेत. त्या अकरांपैकी एकातही कुणाला काही झालेलं नाही. म्हातारी माणसं आहेत, बाळं आहेत, सगळी धडधाकट. ते तिथे थांबलंच नाही. खोका असलेल्या घरीच थांबतं.

रोपं त्याच्याकडे वळतात एवढंच आम्ही मोजत राहिलो. ते कशाकडे वळतं हे कुणी विचारलंच नाही.

ते खोके मीच दिले. हौसेने, नंबर टाकून.

मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, पाणी दिलं. तापाची साथ आहे म्हणाल्या, नवीन गाव, वडिलांची जबाबदारी, तुम्ही दमलाय. खोके परत मागवायला हरकत नाही, पण पालकांना घाबरवू नका. मी शाळा सुटल्यावर घरोघर फिरले. मोजपट्टीच्या उशाजवळचा खोका उचलताना तिने हात धरला. बोटं थंड होती, आणि फार लांब.

प्रयोगशाळेमागे एकोणतीस खोके जाळले. ओली मोहरी चटचटत होती.

तिसावा जाळला नाही. घरी आहे. तोही जाळला तर ते कुठे आहे हे मला कसं कळणार?

शुक्रवार, ३१ जानेवारी

काल आणि आज खोका घेऊन वेगवेगळ्या रस्त्यांवर उभी राहिले. घराजवळ एक रेघ, शाळेजवळ दुसरी. लोक बघतात. बघू देत.

बेकरी सोडलीये. आता दोनशे पावलांवर आहे, आमच्या बाजूला.

अण्णांना मात्र खोका लागत नाही. बोट दाखवतात. ते बोट आणि रोपं, दोन्ही एकाच दिशेला. दाढी करून मागितली, स्वच्छ सदरा घातला, खुर्ची फिरवून घेतली. रंग सांगत होते. नुकतं पॉलिश केलेल्या पितळेसारखा, म्हणाले, घड्याळाचं झाकण पहिल्यांदा उघडताना आतून जो येतो ना, तो. मी इतकं आनंदी त्यांना आईच्या पश्चात पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांत त्यांनी काही खाल्लेलं नाही.

पायजमा घोट्याच्या वर आलाय. मी म्हटलं धुऊन आटला असेल. दाराच्या चौकटीशी उभं करून काल खूण केली, आज दुसरी. कालच्या खुणेपासून आजची खूण

नाही लिहीत.

शनिवार, १ फेब्रुवारी

शंभर पावलं. थोडी कमीच.

आपण उद्या जातोय म्हणून सांगितलं. नाही म्हणाले. मी ओरडले, हात जोडले, मोजपट्टीबद्दल सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"तुला काय गं, तुझ्याकडे रोज उगवतो."

स्वयंपाकघरात जाऊन रडले. खालून इस्त्रीचा आवाज येत होता, काकू कुणाला तरी हसत होत्या.  जे त्यांना अकरा वर्षं मी देऊ शकले नाही ते हे देतंय. आणि त्यांना नेतंय.

खोका जाळायला काडी पेटवली होती. विझवली. उद्या कुठल्या रस्त्याने जायचं ते कोण सांगणार? फक्त बाहेर पडेपर्यंत. मग जाळीन.

रविवार, २ फेब्रुवारी, सकाळ

झाकण उघडलं. रोपं कुठल्याच बाजूला नाहीत. कापसाच्या कडेवरून खाली लोंबतायत. जमिनीकडे.

अण्णा जमिनीकडे बघतायत.

खाली लॉन्ड्री.

जिन्यातून वाकून पाहिलं. काकू टेबलापाशी उभ्या. हातात इस्त्री. गप्प. मान कोपऱ्याकडे. चादरीचा धूर निघतोय आणि त्या—

बटण बंद केलं. हाक मारली. नाही.

अण्णांशी खोटं बोलले. म्हटलं, चला, त्याच्याकडेच नेते. लगेच उठले. आंधळ्या बापाला फसवलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, नेहमीसारखा, आणि त्यांच्या तोंडाकडे बघायला मला मान वर करावी लागली. अण्णा माझ्या खांद्याएवढे होते गं. नेहमी—

अकराची बस मिळाली.

बसमध्ये, ११.४०

अक्षर हलतंय. खोका मांडीवर, शालीखाली. रोपं मागे वळलेली. गावाकडे. म्हणजे ते मागे राहिलं.

अण्णांची मान मागे. पूर्ण मागे. शेजारच्या बाईने जागा बदलली. "उलटं चाललोय आपण," एवढंच म्हणाले. दोनदा. मग रडले. डोळ्यांतून पाणी फक्त, आवाज नाही.

खिडकीतून खोका फेकावा. पुढच्या गावी फेकीन.

१२.३०

मान सैल पडली! समोर बघतायत. पाणी प्याले. बिस्किट दिलं, अर्धं खाल्लं. अंधार झाला, म्हणाले. मी म्हटलं, हो अण्णा. त्यांचा हात घट्ट धरून ठेवलाय.  आयुष्यभर माफ करणार नाहीत कदाचित. चालेल. चालेल मला.

रोपं मागे झुकलेली, पण मघाच्या निम्मीच. कमी होतंय. लांबून जोर कमी होतो, कुठल्याही उजेडाचा.

मुक्कामाला पोचलो की मोजपट्टीच्या आईला फोन. तिलाही गावाबाहेर काढायचं. बेकरीवाल्याच्या मुलालाही. काकूंनाही. सगळ्यांना. अंतर हाच उपाय.

१.१५

सरळ!

आत्ता उघडून पाहिलं. शालीखाली, हळूच. सगळी रोपं सरळ उभी, ताठ, एकही वाकडं नाही. पंधरा-वीस रोपं, शिस्तीत. पहिल्या दिवशी वर्गाला सांगितलं तशी. काहीच ओढत नाही त्यांना. सुटलो. अण्णा, सुटलो आपण. मोठ्याने म्हटलं मी बहुतेक. कुणी वळून पाहिलं नाही.

बस शांत आहे. सगळे दमलेत. उकडतंय.

एक गोष्ट. पाऊण तासात निम्म्यावरून एकदम ताठ? इतक्या लवकर—

रोप सरळ वाढतं दोन कारणांनी. उजेड कुठूनच नसेल तर.

आणि उजेड बरोबर डोक्यावर असेल तर.

अण्णांचा हात सुटला माझ्या हातातून. ते टपाकडे बघतायत. हसतायत.

कंडक्टर तिकिटं हातात धरून तसाच उभा. वर—

शेजारची बाई. तिच्या मांडीवरचं मूल. पुढची रांग. सगळी तोंडं—

खोका फेकायचा. खिडकीची काच अडकलीये. सरकत नाही—

गाडीचा वेग वाढलाय. पुढच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसायला हवा. हनुवटी दिसतेय. फक्त हनुव—